आप्पांना निपाणीला सोडून आले

बेळगावला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. कुंदा आणलास का, आणि सीमाप्रश्नाचं काय चाललंय. कुंदा मी आणला नाही. सीमाप्रश्नावर मला पुष्कळ बोलता येतं, पण या खेपेला त्यावर कुणी एक शब्दही काढला नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वडगावातली खोली सोडून निपाणीला माझ्या थोरल्या भावाच्या नव्या घरी कायमचे राहायला निघाले होते. ऐन थंडीत मी त्यांना पोचवायला गेले, पोचवलं आणि परत आले. तेवढाच हा प्रवास. तुम्ही त्या बाजूला गेला नसाल, म्हणून सविस्तर सांगते.

वडगाव

वडगाव हे बेळगावच्या दक्षिण अंगाचं विणकरांचं उपनगर. पाहुण्याला दाखवावं असं तिथं काही नाही. अरुंद गल्ल्या, दारात स्कूटर, स्कूटरवर साड्यांचे गठ्ठे, आणि घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट. निदान माझ्या लहानपणी तरी असंच होतं. या वेळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि रिक्षावाला जे बोलला ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी जागीच थांबले. आमच्या गल्लीत दिवसाउजेडी माणसाचा आवाज ऐकू येतो, हे मी जन्मात पहिल्यांदा अनुभवत होते.

आप्पा दुसऱ्याच्या मागावर राबले. पुढे मालकाचं घर, मध्ये मागांचं शेड आणि मागे आमची खोली. गल्लीतल्या इतरांसारखे मालकानंही सगळे माग भंगारात घातले. त्याला शिव्या द्यायची माझी तयारी होती, मनात वाक्यंही जुळवून झाली होती. पण तो दारातच भेटला, तेव्हा स्कूटरवर सुरतेच्या साड्यांचा गठ्ठा बांधत होता. ज्यानं आयुष्यभर साड्या विणून घेतल्या तो आता कारखान्यातल्या साड्या दारोदार विकतो. माझी वाक्यं वाया गेली. शेडची जागाही त्यानं विकली होती आणि आप्पांना खोली रिकामी करून द्यायची होती.

मागावर काम करणाऱ्यांची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. शेडमध्ये ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. तोंड नीट उघडून, भुवया वापरून. समोरचा बघतो आणि समजतो. माझी आई होती तेव्हा चार मागांपलीकडून आप्पांशी भांडायची. दोघांच्या तोंडातून चकार शब्द बाहेर पडायचा नाही, आणि सगळं शेड हसत असायचं. आम्ही पोरं बोलायच्या आधी हे वाचायला शिकलो. पुढे वर्षानुवर्षांच्या खडखडाटानं आप्पांचे कान गेले, तरी त्यांचं फारसं अडलं नाही. माणूस समोर असला की त्यांना ऐकू येतं. समोर म्हणजे अगदी गल्लीच्या त्या टोकाला असला तरी. मराठी, कन्नड, दोन्ही. फक्त उजेड पाहिजे.

मी दाराशी पोचले तेव्हा ते ट्रंक बांधत होते. मान वर करून त्यांनी मला पाहिलं आणि बिनआवाजाचं म्हणाले, "वाळलीस."

मीही ओठांनीच म्हटलं, "तुम्ही पण."

"मी न्हाय. माझी ट्रंक वाळलीय," हे मात्र ते मोठ्यानं बोलले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज एक तर फार मोठा नाही तर फार बारीक असतो. त्यांचा मोठा.

खोलीच्या भिंतीला जुनी पत्रकं चिकटवलेली होती. आप्पा युनियनचे. पत्रकं वाटून उरली की ती घरी यायची, आणि शेडमधला कापसाचा भुरा खोलीत येऊ नये म्हणून आई ती फटींवर खळीनं चिकटवायची. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. शाळेत 'माझी आई' या विषयावरच्या निबंधाची सुरुवात मी "कामगार बंधू-भगिनींनो" अशी केली होती. बाई हसल्या होत्या. अजूनही मी काही लिहायला बसले की आधी तेच तीन शब्द हाताशी येतात, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. त्या भिंतीनं मला शिकवलं की अन्याय दिसला तर तो मोठ्या टायपात लिहायचा असतो. माझ्या भावानं, म्हणजे दादानं, त्याच भिंतीकडे पाठ करून अभ्यास केला आणि पहिल्या नंबरानं पास होत गेला.

निघताना शेजारची शांताक्का कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "जा बाबा जा. आता तू साहेबाचा बाप. वडगावची वळख ठेव म्हंजे झालं."

"तू ये की गं निपाणीला," आप्पा म्हणाले.

"आणि काय करू? तुझ्या लेकाच्या फरशीवर घसरून पडू?"

दोघंही हसले. मग शांताक्कानं पदरानं तोंड झाकलं. ओठ झाकले की आप्पांशी बोलणं बंद होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला रडायचं होतं.

गुंजी

निपाणी उत्तरेला. आम्ही आधी दक्षिणेला गेलो, कारण आप्पांना थोरल्या बहिणीला भेटून मग जायचं होतं. खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या अलीकडे गुंजी नावाचं छोटं स्टेशन आहे. खानापुरात गाडी थांबली तेव्हा समोरच्या फलाटावर दोन बायका बोलत बसल्या होत्या. आप्पांनी खिडकीतून थोडा वेळ पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. "ती हिरव्या लुगड्याची म्हंत्या, सून चांगली हाय, पन सैपाकात मीठ बघत न्हाय. दुसरी म्हंत्या, माझी मीठ बघती पन मला बघत न्हाय." असा फुकटचा तमाशा त्यांना आयुष्यभर मिळत आलाय. टीव्हीपेक्षा बरा, म्हणतात.

गुंजीत उतरलं की हवा बदलते. तांबडी माती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाट झाडी, भात कापून झालेल्या शेतांत पेंढ्याच्या उडव्या. स्टेशनच्या उतारावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुण्यातल्या चांगल्या दुकानातली चप्पल, गुंजीच्या पहिल्या दगडाला शरण गेली. घरी आत्यांनी ती पाहिली, काथ्याचा तुकडा आणला, दाभणानं ओवला आणि गाठ मारली. मग म्हणाल्या, "पुण्यास्नं आमाला काय आणलईस? कागदंच न्हवं?"

"व्हय आत्या. कागदंच." मी काम करते त्या मासिकाचा अंक मी पिशवीतून काढला.

"ठेव. पापड घालाय बरा हाय. मागचाबी बरा होता."

पुण्यात माझ्या लेखावर याहून जास्त प्रामाणिक अभिप्राय अजून आलेला नाही.

आत्यांकडे जेवायला उकड्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, सुक्या बांगड्याचं तिखट आणि वालाची आमटी. पुण्यात पाहुण्याला आधी 'चहा घेणार का' असं विचारतात आणि त्या 'का'मध्ये नाही म्हणायची सोय करून ठेवतात. गुंजीत विचारत नाहीत. ताट पुढे येतं. नको म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात, आणि या बाबतीत आमच्या सगळ्या खानदानाचे कान गेलेले आहेत.

जेवणावर दादाचा विषय निघणारच होता. आत्या म्हणाल्या, "गेल्या साली आलता की. गाडीतनं उतरला न्हाय. काच खाली करून बोलला. 'आत्या, बरी आहेस ना?' आहेस म्हणाला बघ. हाईस म्हणाला न्हाय."

"त्याला घाई असंल," आप्पा म्हणाले.

"व्हय. काच वर कराय लई घाई होती." मग त्यांनी भाकरीचा हात तसाच थांबवून आप्पांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "यल्लू, ऐक. लेकाच्या घरात बसून खा. पाव्हण्यागत. कामाला हात लावलास की संपलास."

आप्पा हसले. "आदुगरच लावून बसलोय की आक्का."

खरंच होतं ते. गेल्या उन्हाळ्यात दादाच्या घराचं काम चालू होतं, तेव्हा आप्पा तिथं पत्र्याच्या खोपटात राहिले. गवंडी गेले की संध्याकाळी आणि ते यायच्या आत सकाळी, भिंतींवर, स्लॅबवर पाणी मारायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं घर आहे, दुसऱ्याच्या हातानं भिंत तहानेली राहील, एवढंच त्यांचं म्हणणं.

निपाणीच्या वाटेवर

बेळगावच्या स्टँडवर गिरमिट खाल्लं. चुरमुरे, कांदा, चिंचगूळ, वर मिरचीचं भजं. तेवढ्या चवीसाठी मी पुण्याहून पुन्हा येईन. मग कर्नाटकाच्या लाल बसमध्ये बसलो. या राज्यात इथला पत्ता असलेल्या बायकांना बसचा प्रवास फुकट आहे. सगळ्या बायका आधार कार्ड पुढे करत होत्या, मीही केलं. कंडक्टरनं पाहिलं आणि परत दिलं. "नीव पुणेदवरु. टिकीट तगोरी." तुम्ही पुण्याच्या, तिकीट घ्या.

मी म्हटलं, मी इथलीच. वडगावात जन्मले, वडगावात वाढले.

"कार्ड हेळत्तदल्ल, पुणे अंत," तो म्हणाला. कार्डच सांगतंय ना, पुणे म्हणून. माणूस भला होता. आप्पांची ट्रंक त्यानंच आत चढवायला मदत केली. शेजारच्या बाईनं मात्र माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाय जरा आवरून घेतले, परक्या पाव्हणीला जागा देतात तसे. मी तिकीट घेतलं. स्वतःला नवं घडवायचं असेल तर आधी पत्ता बदलावा लागतो. मी बदललाय. त्याबद्दल ओरडायला तोंड नव्हतं.

यमकनमर्डी मागे पडलं, संकेश्वर मागे पडलं, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. आप्पांना खिडकी दिली होती, पण ते माझ्याकडेच तोंड करून बसले. बोलायचं होतं त्यांना.

"खालची खोली माझी हाय," ते म्हणाले. अख्ख्या बसनं ऐकलं. "खिडकी रस्त्याकडं ठिवा म्हणून मीच सांगितलंतं. गवंडी म्हंत होता मागं ठिवूया, सावली हाय. मी म्हटलं, सावली घिऊन काय करू? रस्त्यावर माणसं बोलत जात्यात. बसल्या जागी कळतंय."

मी ओठांनी विचारलं, "वडगाव सोडायचं वाईट वाटतंय?"

"शेड बंद पडल्यापास्नं वडगावात माणसं तोंड बारीक उघडत्यात. आपसात कानातच बोलत्यात आता. दिसत न्हाय नीट."

तवंदीचा घाट आला तसे ते झोपले. मी खिडकीतून डोंगर पाहत राहिले. मला निपाणीला पोचायची भीती वाटत होती, आणि कशाची ते मला नेमकं सांगता येत नव्हतं. आप्पांना एक खिडकी हवी होती. बाकी त्यांची काही मागणी नव्हती. त्यांच्या जुन्या पत्रकांत दहा-दहा मागण्या असायच्या.

निपाणी

निपाणीत उतरल्यावर आधी तंबाखूचा वास येतो. मग शहर दिसतं. वखारींच्या गल्लीतून जाताना आप्पा दोनदा शिंकले. महामार्गाच्या बाजूला नवी वसाहत झालीय. तिथं दादाचं घर. दुमजली, दाराला संगमरवरी पट्टी आणि पट्टीवर इंग्रजीत नाव. नुसतं नाव आणि आद्याक्षर. कर्नाटकात अशी रीतच आहे, आडनाव लावायची गरज पडत नाही. दादाला ही रीत फार सोयीची पडली. आडनाव वाचलं की माणसं आमची जात वाचतात, आणि दादा खाजगी बँकेत मॅनेजर आहे. राखीव जागेवरचा असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं सरकारी नोकरीचा अर्जच कधी केला नाही.

त्यानं आप्पांच्या पायांना हात लावला. हे मुद्दाम लिहिते. माझ्या भावाला काळं फासायला मी बसलेली नाही. त्यानं खोलीत नवी कॉट आणली होती, गादी आणली होती, रात्री उठताना धरायला भिंतीला दांडी बसवली होती. वहिनींनी पाणी तापवून ठेवलं होतं. खिडकी रस्त्याकडेच होती. तिला दुधी काच होती.

आप्पांनी काचेवर बोट टेकवलं. मग दादाकडे पाहिलं.

"प्रायव्हसी असते, आप्पा," दादा म्हणाला. "रस्त्यावरनं आत दिसतं सगळं."

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले. "बरी हाय."

खिडकी उघडता येत होती, पण बाहेर जाळी आणि जाळीपुढे शोभेच्या झाडांच्या कुंड्या. मी तोंड उघडणार होते. आप्पांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. होम, भटजी, सत्यनारायण. आमच्या घरात आजवर बुद्धवंदनेपलीकडे काही झालेलं नाही. मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं. "आप्पांच्या डोळ्यांदेखत?"

"स्टाफ येणार आहे," तो म्हणाला. "काही नाही केलं तर विचारतात. विचारलं की सांगावं लागतं."

"मग सांग की."

"तुझं काय जातं? तू उद्या पुण्याला जाशील."

आप्पा पूजेला बसले नाहीत. कुणी बोलावलंही नाही. त्यांनी दादानं दिलेला नवा शर्ट घातला आणि फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत राहिले. घराच्या कर्त्यानं दारात उभं राहायचं ही आमच्याकडची रीत, ती त्यांनी आपल्या परीनं पाळली. दुपारी दादाचे वरचे साहेब आले. आप्पा खुर्चीवरून उठले आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम!"

मांडवातल्या माणसांच्या माना वळल्या. साहेब किंचित थबकले, हसले, "नमस्कार, नमस्कार" म्हणत आत गेले. दादा त्यांना घेऊन मांडवाच्या पार त्या टोकाला, पाण्याच्या टेबलाशी गेला. मी आप्पांसाठी ताट घेऊन आले होते. आम्ही दोघं फाटकाशी शेजारी शेजारी बसलो होतो. मधे सगळा मांडव, पंगत, वाढपी, लाउडस्पीकरवरची सनई. साहेबांनी हनुवटीनं आमच्या दिशेला खूण करून काहीतरी विचारलं. दादा त्यांच्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला,

"बांधकामावर पाणी मारायला होता. जुना माणूस आहे, म्हणून जेवायला बोलावलंय."

दादा हळू बोलला. हळू बोललं की झाकलं जातं, ही कानानं ऐकणाऱ्या माणसांची समजूत. त्यानं ती कुठे उचलली कोण जाणे, आमच्या घरात ती कधीच नव्हती. तो त्या शेडमध्ये रांगला होता. कुठे तोंड फिरवून बोलायचं आणि कुठे ओठांवर हात धरायचा, हे त्याला माझ्याआधी येत होतं. तो विसरला होता. सोळा आणे विसरला होता. मला त्या वाक्याइतकंच हे विसरणं लागलं.

मी उठले. ताट कुठे ठेवलं ते आठवत नाही. मांडवात उभं राहून काय बोलायचं ते शब्दशः तयार होतं; असल्या प्रसंगाला शब्द शोधावे लागतील अशी माझी वाढच झालेली नाही. आप्पांनी माझा दंड धरला. त्यांनी जिलेबीचा तुकडा तोंडात घातलेला होता, आणि तो चावला नव्हता. त्यांचे ओठ हलले.

"बस."

मी बसले. का बसले हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते. पत्रकं वाटणारा माणूस बस म्हणाला, म्हणून बसले.

साहेब जेवून निघाले. दादा त्यांना सोडायला फाटकापर्यंत आला. साहेब आमच्याजवळ थांबले. माणूस मोकळा होता, मनात काही नव्हतं त्याच्या. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय बाबा, भिंती मजबूत केल्यास की! माझंबी काम काढायचंय चिकोडी रोडला. येतोस काय पाणी मारायला?"

दादा मागे उभा होता. आप्पांनी जिलेबीचा घास गिळला, हात जोडले आणि म्हणाले,

"येतो की, साहेब. निरोप द्या."

गाडी गेली. दादा तिथंच उभा राहिला. त्याला अजून उलगडा झाला नव्हता. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाहुणे पांगल्यावर, ऊन उतरताना, त्यानं मला गच्चीवर गाठलं.

"आप्पा असं का म्हणाले? त्यांना कुणी सांगितलं?"

"तू."

"मी कधी?"

"पाण्याच्या टेबलाशी."

"एवढ्या लांबनं? सनई चालू होती, कसं ऐकू..." आणि तो थांबला. वाक्य अर्धं सोडून त्याचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला. कितीतरी वर्षांनी मी त्याच्या तोंडून आमची भाषा ऐकली. "दिसलं व्हय गं त्यास्नी?"

"दिसलं."

तो टाकीला टेकून खाली बसला. मला वाटलं, रडेल. तो चिडला. "मग आता लिही. तुझं काय. पुण्यात स्टेजवर चढतीस, मी मागवाल्याची पोरगी म्हणतीस, टाळ्या पडतात. मी इथं तेच म्हटलं की समोरचा खुर्ची जरा मागं घेतो. जरा. तुला दिसणारबी न्हाय एवढी. मला दिसते. रोज दिसते."

"म्हणून बाप पुसायचा?"

"तू नाव घेतीस बापाचं. लई मोठं काम. पण त्याला ठेवून घेणार कोण? तुझ्या पुण्याच्या खोलीत ठेवतीस?"

माझी खोली दोघींत आहे. पलंगाशेजारी पुस्तकं आहेत आणि पुस्तकांशेजारी दार. मी त्याला सांगितलं, की उपाशी ठेवणं आणि नाव काढून घेणं यांत फरक करायला आप्पांनीच शिकवलंय. की जी खुर्ची मागे सरकते ती धरून पुढे ओढायची असते, तिच्यापुढे वाकायचं नसतं. हे मी म्हटलं आणि माझा त्यावर आजही विश्वास आहे. पण त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. वडगावची खोली गेली होती. शेड गेलं होतं. आप्पांना दुसरीकडे कुठे नेणार?

निघण्याची सकाळ

मी पिशवी घेऊन खालच्या खोलीत गेले, तेव्हा आप्पा कॉटच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होते. दिवा लावलेला होता. दुधी काचेतून त्या वेळी पुरेसा उजेड येत नाही. दादा माझ्या मागोमाग आला. रात्रभर झोपला नव्हता, डोळ्यांवरून दिसत होतं. तो आप्पांच्या समोर, नव्या फरशीवर मांडी घालून बसला. चेहरा वर केला, दिव्याच्या उजेडात येईल असा. त्यानं तोंड नीट उघडलं, मागावर उघडायचं तसं, आणि आवाज न काढता म्हणाला,

"आप्पा."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. फार शांतपणे पाहिलं. आणि डोळे मिटले.

दादा बोलत राहिला. आधी बिनआवाजाचं, मग आवाजात, मग मोठ्यानं. चुकलं, म्हणाला. आमच्या भाषेत म्हणाला. नोकरीचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, त्यांचा हात हातात घेतला. आप्पांनी हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हातानं ते राहिलेलं बटण चाचपत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, पाणी नव्हतं. पापण्या नुसत्या घट्ट मिटलेल्या. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो ओळखला. बटण सोडून दोनदा थोपटला. मी वाट पाहिली. मला त्यांना सांगायचं होतं, की मी लवकर येते, की मी काहीतरी बघते, की हे असं राहू देणार नाही. एवढी सगळी वाक्यं ओठांवर आणून मी त्यांच्यासमोर वाकून उभी होते. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. माझ्यासाठी उघडले असते तर शेजारी बसलेला दादाही दिसला असता.

मी पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाले.